फोटोला हार, मैदानावर ट्रॉल्या

२९ ऑगस्टला गावच्या शाळेत काय होतं, ते तुम्हाला सांगायला नको. टेबलावर चादर, चादरीवर मेजर ध्यानचंद यांचा फोटो. सरपंच हार घालतात, गुरुजी दोन शब्द बोलतात, पोरं टाळ्या वाजवतात आणि राष्ट्रीय क्रीडा दिन आटोपतो. बाहेर जिथं पोरांनी खेळायचं, तिथं उसाच्या रिकाम्या ट्रॉल्या उभ्या असतात. एका कडेला कुणाची तरी वैरण रचलेली असते. त्यातल्या एका ट्रॉलीचा मालक टाळ्या वाजवणाऱ्यांतच बसलेला असतो. राग मानू नका, आमच्याही गावात हेच आहे.

पण मंडळी, ज्या माणसाच्या फोटोला आपण हार घालतो, तो होता कोण? ‘हॉकीचा जादूगार’ एवढंच आपण पोरांना सांगतो. त्याच्या काठीला लोहचुंबक होतं म्हणे, हिटलरनं त्याला नोकरी देऊ केली म्हणे. हिटलरच्या गोष्टीला तर पक्का पुरावा कुणी दाखवलेला नाही. खरी हकिगत त्यापेक्षा साधी आहे आणि आपल्या जास्त कामाची आहे.

ध्यानचंद हे शिपायाचं पोर. २९ ऑगस्ट १९०५ ला अलाहाबादेत जन्म. वडील फौजेत, त्यामुळं आज या गावी तर उद्या त्या गावी, शेवटी बिऱ्हाड झाशीला स्थिरावलं. शिक्षण जेमतेम सहावीपर्यंत. लहानपणी ओढ होती ती कुस्तीची, हॉकीची नव्हे. १९२२ मध्ये वयाच्या सतराव्या वर्षी साधा शिपाई म्हणून ते पलटणीत भरती झाले. तिथं तिवारी नावाचे एक सुभेदार मेजर होते, हॉकीचे वेडे. त्यांनी या पोराच्या हातात काठी दिली. ना कुठली अकादमी, ना परदेशी कोच. दिवसभराची ड्युटी संपली की पलटणीच्या मैदानावर, चांदणं असेल तर रात्रीसुद्धा सराव. ध्यानसिंगचं ‘ध्यानचंद’ झालं ते या चांदण्यामुळंच, असं सांगतात.

पुढचं सगळं आकड्यांत नोंदलेलं आहे. १९२८ ला ॲमस्टरडॅम, १९३२ ला लॉस एंजेलिस आणि १९३६ ला बर्लिन अशी तीन ऑलिंपिक सुवर्णपदकं. ॲमस्टरडॅमला तर भारतावर एकसुद्धा गोल झाला नाही, आणि एकट्या ध्यानचंदांचे गोल १४. लॉस एंजेलिसला धाकटा भाऊ रूपसिंग जोडीला होता. अमेरिकेला २४ विरुद्ध १ असं हरवलं, तो याच ऑलिंपिकमधला सामना. बर्लिनला ध्यानचंद कप्तान. अंतिम सामन्यात जर्मनीला ८-१ नं हरवलं तो दिवस होता १५ ऑगस्ट १९३६. स्वातंत्र्याला अजून बरोबर अकरा वर्षं बाकी होती. झेंडावंदनाच्या भाषणात ही तारीख कुणी सांगत नाही, याचं मला नवल वाटतं.

फौजेतून ते १९५६ मध्ये मेजर म्हणून निवृत्त झाले. त्याच साली पद्मभूषण मिळालं. नंतर पतियाळाच्या राष्ट्रीय क्रीडा संस्थेत त्यांनी पोरांना शिकवलं. घरी आले की मासे पकडायचे, स्वतः स्वयंपाकाला लागायचे. सात मुलगे असलेल्या घरचा हा बाप. पण हॉकीत पोट भरत नाही, म्हणून पोरांनी त्या नादाला लागू नये असं त्यांना वाटायचं. त्यांचे चिरंजीव अशोककुमार यांनीच हे पुढं सांगितलं आहे. पोरगा ऐकतो थोडाच! १९७५ मध्ये क्वालालंपूरला पाकिस्तानविरुद्ध विश्वचषकाचा अंतिम सामना झाला. त्यातला विजयी गोल याच अशोककुमारांचा.

३ डिसेंबर १९७९ ला दिल्लीत ध्यानचंद गेले, ते मोठ्या सरकारी दवाखान्याच्या जनरल वॉर्डात. झाशीच्या ज्या मैदानावर ते खेळले, तिथंच त्यांना अग्नी दिला. मैदानं, पुरस्कार आणि टपाल तिकीट यांवर त्यांचं नाव नंतर आलं.

आता तुम्ही म्हणाल, बापानंच सांगितलं ना, खेळानं पोट भरत नाही म्हणून? मग आमच्या पोरानं मैदानावर वेळ का घालवावा? जनावरांची धार काढावी, पाणी पाजावं. बरोबर आहे. पण हेच पोरगं अठराचं झालं की तुम्हीच म्हणता, ‘भरतीला जा’. मग ते पळायला जातं कुठं? पहाटे पाचला तालुक्याच्या रस्त्यावर जाऊन बघा. सोळाशे मीटरची तयारी करणारी पोरं डांबरी रस्त्याच्या कडेनं अंधारात पळत असतात आणि शेजारून डंपर, दुधाच्या गाड्या जातात. गावात चारशे मीटरची मोकळी धाव नाही म्हणून पोरं रस्त्यावर आहेत. उद्या काही झालं तर आपण सगळे दवाखान्यात गोळा होऊ, ट्रॉलीवालाही येईल.

दुसरी गोष्ट शिकवणाऱ्याची. आपल्या भागात माजी सैनिक कमी नाहीत. सातारा जिल्ह्यातलं अपशिंगे तर ‘मिलिटरी अपशिंगे’ म्हणूनच ओळखलं जातं. शिपाई गडी साधारण पस्तिशी-चाळिशीत पेन्शन घेऊन घरी येतो. अंगात ताकद असते, शिस्त असते. आम्ही काय करतो? त्याला कुठल्यातरी गेटवर वॉचमन म्हणून उभा करतो आणि १५ ऑगस्टला फेटा बांधतो. आमच्या गावी एक हवालदार नाना होते. त्यांनी चावडीमागं दोन बांबू रोवून व्हॉलीबॉलचं नेट बांधलं होतं आणि रोज संध्याकाळी शिट्टी घेऊन यायचे. स्वतःच्या नातवाला एक चूक माफ नाही, दुसऱ्याच्या पोराला तीन माफ, असा त्यांचा नियम. नाना गेले, त्या जागेवर गाळे झाले. दहाव्याला भाषणं छान झाली, त्यातलं एक माझंही होतं. गाळ्यांबद्दल मी चकार शब्द काढला नाही.

२०२२ पासून अग्निपथ योजना आली. त्यातली बरीच पोरं चार वर्षांनी, पंचविशीच्या आतच परतणार आहेत. तिवारी सुभेदारांचं काम करायला गावात माणसं असतील. जागा आहे का?

सरपंच, ग्रामसेवक भाऊसाहेब, हे तुमच्यासाठी आहे. २८ जानेवारी २०११ ला सर्वोच्च न्यायालयानं गावच्या सामाईक जमिनीवरची अतिक्रमणं काढा, असा निकाल दिलेला आहे. तो जगपालसिंग खटल्याचा निकाल म्हणून ओळखला जातो. पुढच्या ग्रामसभेत विषयपत्रिकेवर मैदानाचा विषय घ्या. तलाठ्याकडून सातबारा काढा. जागा शाळेची आहे, गावठाणातली आहे की गायरान, ते आधी बघा. गायरान असेल तर ठराव करून जिल्हाधिकाऱ्यांकडं मागणी करावी लागते. मोजणीची फी भरा, हद्दीचे दगड रोवून घ्या. आणि ट्रॉलीमालकांना नोटीस देण्याआधी एकदा घरी जाऊन बोला, आपलीच माणसं आहेत. ट्रॉल्यांना दुसरी जागा कुठं द्यायची, तेही त्याच ग्रामसभेत ठरवा, नाहीतर पावसाळा सरला की त्या परत तिथंच येतील.