समुद्राच्या मोजमापात लातूर-नांदेडचाही वाटा

समुद्र कोकणवाल्यांचा, आपला त्याच्याशी काय संबंध? महासागरावरच्या निरीक्षणांचा विषय निघाला की लातूर-नांदेडकडे हमखास हा प्रश्न येतो. मला तो मुळातच चुकीचा वाटतो.

२०१५ साली विषुववृत्ताजवळचा प्रशांत महासागर तापला, बलवान एल निनो आला. देशात सरासरीपेक्षा १४ टक्के पाऊस कमी पडला, मराठवाड्यातली तूट त्याहून कितीतरी मोठी होती. त्याआधीचं वर्षही कोरडंच गेलं होतं. धनेगावचं मांजरा धरण आटलं. २०१६च्या मार्चमध्ये लातुरात पाण्याच्या टाक्यांभोवती जमावबंदी लागली आणि एप्रिलमध्ये मिरजेहून रेल्वेने पाणी आलं. पहिल्या गाडीत सुमारे ५ लाख लिटर होतं. उसाचा हव्यास आणि पाण्याचं ढिसाळ नियोजनही या दुर्दशेला जबाबदार होतं, हे कुणी नाकारू नये. पण पाऊस का हुकला, याची पाळंमुळं समुद्रात होती.

नुसता प्रशांत महासागर पाहूनही भागत नाही. १९९७ साली मोठा एल निनो असताना देशाचा पावसाळा सरासरीइतका झाला, कारण त्या वर्षी हिंदी महासागराचा पश्चिम भाग पूर्वेपेक्षा तापलेला होता आणि त्याने मोसमी पावसाला हात दिला. म्हणून आपल्या समुद्राची नाडी सतत पाहावी लागते. आर्गो नावाच्या नळकांड्या हेच काम करतात. एकेक नळकांडी एक किलोमीटर खोलीवर वाहत राहते, दर दहा दिवसांनी दोन किलोमीटर खोल जाते, वर येताना तापमान आणि क्षारता मोजते आणि उपग्रहाला कळवते. जगभर अशा जवळपास ४,००० आहेत. भारतीय नळकांड्यांची माहिती गोळा होते ती हैदराबादच्या ‘इन्कॉइस’मध्ये. समुद्रापासून शेकडो किलोमीटर आत असलेली ही संस्था नांदेडला मुंबईपेक्षा जवळ आहे.

दुसरा आक्षेप जास्त धारदार आहे: अंदाज चुकतात, मग समुद्रात पैसा कशाला ओतायचा? २०१७च्या जुलैत बीड जिल्ह्यातल्या माजलगाव तालुक्यातल्या शेतकऱ्यांनी हवामान खात्याविरुद्ध पोलिसांत तक्रार दिली होती. त्यांचा संताप मला समजतो. अंदाजावर विश्वास ठेवून पेरलेलं बी मातीत करपलं की दुबार पेरणीचा खर्च शेतकऱ्याच्याच बोकांडी बसतो. पण निरीक्षणं कमी केल्याने अंदाज सुधारत नाहीत. १९८२-८३चा एल निनो ऐन भरात येईपर्यंत शास्त्रज्ञांनाही नीट ओळखता आला नव्हता. पुढे प्रशांत महासागरात नांगरलेल्या बोयांची मोठी साखळी उभी राहिली. २०१२नंतर तिच्या देखभालीत हयगय झाली आणि काही काळ तिच्याकडून निम्मीही माहिती मिळेना.

खरी उणीव वेगळीच आहे. ‘सरासरीच्या इतके टक्के’ हा हंगामी अंदाजातला आकडा घेऊन सोयाबीन पेरता येत नाही. ७५ ते १०० मिलिमीटर पाऊस झाल्याशिवाय पेरू नका, असं कृषी खातं सांगतं. पण पेरल्यावर उघडीप किती दिवसांची, हे कोण सांगणार? २०२३चा ऑगस्ट देशात १९०१पासूनचा सर्वांत कोरडा ठरला, आणि ऑगस्ट म्हणजे आपल्याकडे सोयाबीन फुलोऱ्यात नि शेंगा धरण्याच्या बेतात असण्याचे दिवस. अंदाज कोणत्या निर्णयासाठी हवा, हे शेतकऱ्यालाच विचारलं पाहिजे.

शेतकऱ्याला यातलं काय कळतं, असं म्हणणाऱ्यांनी किनाऱ्याकडे पाहावं. मासळी कुठे मिळेल याचा सल्ला इन्कॉइस मच्छीमारांना त्यांच्या भाषेत देते आणि तो खरा ठरला की नाही, हे त्यांच्याकडूनच जाणून घेते. मासेमारी बोटींमुळे समुद्रातल्या बोयांची नासधूस होऊ लागली, तेव्हा चेन्नईच्या राष्ट्रीय सागर तंत्रज्ञान संस्थेच्या लोकांनी मच्छीमारांमध्ये जाऊन बोयांचा उपयोग समजावला. हाच मान औसा-मुखेडच्या शेतकऱ्याला का नाही? कोणत्या शिवारात वाफसा आला, कुठे नुसताच भुरभुर पाऊस झाला, हे त्याच्याइतकं उपग्रहालाही कळत नाही.

कृषी विज्ञान केंद्रांतली जिल्हा कृषी हवामान केंद्रं २०२४मध्ये बंद करण्यात आली. शास्त्रज्ञ आणि बांध यांच्यामधला तो दुवा होता, तो आधी पुन्हा जोडावा. हवामान खात्याचा एप्रिलचा आणि मेअखेरचा अंदाज निघाला की परभणीच्या कृषी विद्यापीठाने लातूर-नांदेडच्या शेतकऱ्यांना, बियाणं विकणाऱ्यांना आणि विमा कंपन्यांना एकत्र बसवावं, आणि हंगाम संपल्यावर कुठे काय चुकलं याचा हिशेब त्यांच्यासमोर मांडावा. आपल्या खासदारांनीही रेल्वे-रस्त्यांबरोबर बंगालच्या उपसागरातले किती बोये चालू आहेत, हे संसदेत विचारावं.