प्रबंधातील रिकामा रकाना आणि आपण



गेल्या वर्षी कोराडीतील आमच्या चिकित्सालयात गावातलाच एक विद्यार्थी आला. वडील औष्णिक वीज केंद्रात पाळीने काम करणारे. ‘बुद्धिमान प्रणाली’ या विषयातील स्नातकोत्तर पदवीचा अंतिम प्रबंध तेवढा त्याचा उरला होता, आणि त्यासाठी त्याने प्रश्नावलीवरून प्रकृतिनिश्चिती करणारी संगणक प्रणाली योजली होती. रुग्णांची उत्तरे तो स्वतः लिहून घेणार. शेवटच्या रकान्यात आम्ही फक्त प्रकृती लिहायची. मुदत तीन महिन्यांची.

त्या ‘फक्त’ शब्दापाशी आम्ही अडलो. चरकाचार्यांनी विमानस्थानात दशविध परीक्षा सांगितली, तीत प्रकृतीनंतर लगेच विकृती येते. प्रश्नावलीत विकृतीला जागाच नव्हती. येथील वीज केंद्र १९७४ पासून अहोरात्र चालते. रात्रपाळी करून आलेल्या माणसाला ‘झोप कशी लागते?’ असे विचारले तर तो ‘खंडित’ असेच सांगणार. भूक अनियमित, कोष्ठ रूक्ष. यंत्र त्याला वातप्रकृतीचा ठरवील. वस्तुतः तो रात्रिजागरणाचा परिणाम आहे. पाळी बदलली की उत्तरे बदलतात, प्रकृती बदलत नाही. हा प्रश्न त्या मुलाने आपल्या वडिलांनाच विचारून पाहिला, तेव्हा मुद्दा त्याच्या ध्यानी आला.

पुढची अडचण आमचीच होती. तेच रुग्ण आम्ही महादुल्यातील एका स्नेही वैद्यांना स्वतंत्रपणे दाखविले, आणि अनेकांच्या बाबतीत आमचे जुळले नाही. “काका, यातले बरोबर कोणते धरू?” असे विद्यार्थ्याने विचारले. त्याला अन्यत्र सल्ला मिळाला होता की जुळलेले तेवढे ठेवावेत, बाकीचे गाळावेत; प्रबंध वेळेत होईल. सल्ला व्यवहार्य होता, आणि आमच्या मते घातक होता.

न जुळणारे गाळणे नेहमीच अयोग्य असते असे नव्हे. २०१५ साली प्रसिद्ध झालेल्या, प्रकृती व जनुके यांचा संबंध शोधणाऱ्या संशोधनात ३,४१६ निरोगी पुरुष तपासले गेले, आणि एका दोषाचे स्पष्ट प्राधान्य असणारे २६२ जणच पुढील अभ्यासास घेतले गेले. पुण्याच्या सी-डॅकने विकसित केलेली ‘आयुसॉफ्ट’ प्रणाली तेथे वैद्यांच्या निर्णयाच्या पडताळणीस होती. जनुके शोधताना अशी निवड समर्थनीय आहे, शिवाय ती तेथे उघड सांगितली आहे. परंतु आपल्या ओसरीवर येणारे रुग्ण बहुधा त्या २६२ मधले नसतात, उरलेल्यांतले असतात. सोप्या उदाहरणांवर शिकलेले यंत्र अवघड रुग्णासमोर तितक्याच आत्मविश्वासाने उत्तर देते, हीच खरी भीती आहे.

‘अचूकता’ या शब्दानेही फसू नये. शंभरांपैकी सत्तर रुग्णांपुढे आपण वातपित्त लिहिले असेल, तर डोळे मिटून प्रत्येकाला वातपित्त म्हणणारे यंत्रही सत्तर टक्के अचूक ठरेल.

मतभेद नोंदविल्याने प्रबंध हलका होत नाही. अमेरिकेत स्टॅनफर्ड येथे १९७० च्या दशकात एका विद्यार्थ्याच्या डॉक्टरेटच्या प्रबंधातून ‘मायसिन’ ही जंतुसंसर्गावर औषध सुचविणारी प्रणाली आकारास आली. १९७९ मध्ये तिची परीक्षा प्रसिद्ध झाली. कोणता सल्ला यंत्राचा व कोणता माणसाचा, हे परीक्षकांपासून लपविले होते. मायसिनच्या सल्ल्याला ६५ टक्के मान्यता मिळाली. तेथील एकाही प्राध्यापकाला त्याहून अधिक मिळाली नाही. तज्ज्ञांचेही परस्परांशी किती कमी जुळते, हे त्यातून उघड झाले. (इतके होऊनही ती प्रणाली नित्य रुग्णसेवेत आली नाही, हेही सांगितले पाहिजे.)

आणि दोष विद्यार्थ्यांना तरी किती द्यावा? आमची जुनी रुग्णपत्रे त्याला दाखविण्यास काढली तेव्हा आम्हांलाच संकोच वाटला. ‘नाडी: वातपित्त’, पुढे ‘पूर्ववत्’, पुन्हा ‘पूर्ववत्’. निर्णय आहे, त्याची कारणे नाहीत. मायसिनसारख्या जुन्या प्रणालींना नियम सांगावे लागत, म्हणजे त्या आप्तोपदेशावर चालत. आजच्या प्रणाली नोंदींच्या प्रत्यक्षावर शिकतात. प्रत्यक्षच ‘पूर्ववत्’ असेल तर अनुमान कशाचे करणार?

म्हणून संघटनेच्या प्रत्येक शाखेने अशा विद्यार्थ्यांसाठी तीन वैद्य नेमावेत. तिघांनी एकमेकांचे न पाहता प्रकृती लिहावी, सोबत विकृती आणि निर्णयाचे कारण एका ओळीत लिहावे. नाव-पत्ता वगळूनच नोंद द्यावी, आणि रुग्णाची संमती आधी घ्यावी. मत बनत नसेल तेथे ‘अनिश्चित’ लिहिण्यास कोणी लाजू नये.

आमच्या विद्यार्थ्याने मुदतवाढ मागितली, ती मिळाली. न जुळलेल्या रुग्णांचे स्वतंत्र प्रकरण त्याने प्रबंधात घातले. तोंडी परीक्षेत अधिक प्रश्न त्याच प्रकरणावर आले, असे त्याने परतल्यावर सांगितले. त्यांतील एक प्रश्न, वैद्यांचे एकमत नसेल तर यंत्राने काय उत्तर द्यावे, तो आमच्यासाठी लिहूनच घेऊन आला होता.