हार्लेममधील एक चर्च आणि घरभाड्याचे अर्थशास्त्र

धर्मसंस्थेच्या मालमत्तेचा विषय निघाला की परिवर्तनवादी चळवळीत निकाल आधीच लिहून ठेवलेला असतो. पुष्कळदा तो बरोबरही ठरतो. परंतु न्यूयॉर्कच्या हार्लेम भागात १३४ व्या रस्त्यावर उभ्या असलेल्या सेंट फिलिप्स या एपिस्कोपल चर्चचा इतिहास त्या निकालात सहजासहजी बसत नाही.

एपिस्कोपल पंथ म्हणजे अँग्लिकन परंपरेची अमेरिकन शाखा. सुस्थितांचा, प्रतिष्ठितांचा पंथ. न्यूयॉर्कच्या ट्रिनिटी चर्चमधील कृष्णवर्णीय उपासक १८०९ पासून वेगळे जमू लागले आणि १८१८ मध्ये त्यांचे सेंट फिलिप्स चर्च रीतसर स्थापन झाले. पीटर विल्यम्स हे त्याचे पहिले कृष्णवर्णीय धर्मोपदेशक. १८३४ च्या जुलैमध्ये गुलामगिरीविरोधी चळवळीवर चिडलेल्या गोऱ्या जमावाने या चर्चची मोडतोड केली, तेव्हा बिशपांनी जमावाला जाब विचारण्याऐवजी विल्यम्स यांनाच गुलामगिरीविरोधी संघटनेचा राजीनामा द्यायला लावले. पुढे धर्मप्रांताच्या अधिवेशनात प्रतिनिधित्व मागितले, तर १८४६ मध्ये समितीने सांगितले की, समाजात हीन मानल्या जाणाऱ्यांबरोबर एका सभागृहात बसणे उचित नव्हे. हा हक्क मिळायला १८५३ साल उजाडले. देव एक असला तरी मतपेटी एक नव्हती!

शहर वाढत गेले तसे कृष्णवर्णीय वस्तीला उत्तरेकडे ढकलले गेले आणि चर्चही तिच्यामागून सरकत गेले. येथे अर्थशास्त्राच्या अभ्यासकाने थांबावे असे काही घडले. जमिनीच्या अनर्जित मूल्यवाढीवर कर बसवा, असे सांगणारे हेन्री जॉर्ज १८८६ मध्ये न्यूयॉर्कच्या महापौरपदासाठी लढले आणि पराभूत झाले. त्याच वर्षी हचेन्स बिशप हे सेंट फिलिप्सचे प्रमुख झाले. (बिशप हे त्यांचे आडनाव, पद नव्हे.) जॉर्ज यांनी जिचा धिक्कार केला, त्या मूल्यवाढीचाच या चर्चला पुढे लाभ झाला. १९१० च्या सुमारास २५ व्या रस्त्यावरील चर्चची इमारत १ लाख ४० हजार डॉलरला आणि जुन्या दफनभूमीची जागा ४ लाख ५० हजार डॉलरला विकली गेली.

दरम्यान हार्लेममध्ये वेगळेच नाट्य चालू होते. १९०४ मध्ये भुयारी रेल्वे तेथवर पोहोचणार म्हणून सट्टेबाजांनी भरमसाट इमारती बांधल्या. बाजार कोसळला, घरे रिकामी पडली. तरीही कृष्णवर्णीयांना ती सर्रास मिळत नव्हती. बिशप यांचा वर्ण इतका उजळ होता की विक्रेते त्यांना गोरे समजत. त्यांनी स्वतःच्या नावावर जागा घेऊन त्या नंतर चर्चकडे सोपवल्या. १९११ मध्ये चर्चने १३५ व्या रस्त्यावरील दहा इमारती ६ लाख ४० हजार डॉलरला विकत घेतल्या. ज्या घरांत कृष्णवर्णीयांना मज्जाव होता, ती आता कृष्णवर्णीय कुटुंबांना भाड्याने मिळू लागली. व्यवहार जुळवणारे नेल आणि पार्कर कृष्णवर्णीय, नव्या चर्चची वास्तू आखणारे टँडी आणि फॉस्टर हे वास्तुविशारदही कृष्णवर्णीय. दोनच वर्षांनी, १९१३ मध्ये, अर्थशास्त्र शिकायला शेजारच्या कोलंबिया विद्यापीठात आलेल्या डॉ. आंबेडकरांना १९१७ मध्ये बडोद्यात पारशी नाव सांगून खानावळवजा धर्मशाळेत खोली मिळवावी लागली, आणि ओळख उघड होताच ती गमवावीही लागली. मुक्त बाजारात पैसा सर्वांचा सारखाच चालतो, असे पाठ्यपुस्तके सांगतात. बिशपना आणि आंबेडकरांना आलेला अनुभव निराळा होता.

मात्र या खरेदीला 'कृष्णवर्णीय भांडवलशाहीचा विजय' म्हणून मिरवणाऱ्यांनी पुढचा हिशेबही वाचावा. कृष्णवर्णीयांना शहराच्या इतर भागांत जागा मिळत नसल्याने हार्लेममधील मागणी कोंडलेली राहिली आणि भाडी चढीच राहिली. तोकड्या पगाराचा मोठा हिस्सा घरमालकाच्या हाती जाई. भाडे भागवण्यासाठी लोक पोटभाडेकरू ठेवत. मालक बदलला म्हणून बाजाराचा नियम बदलला नाही. दहा इमारतींनी एक भिंत पाडली. भिंतीबाहेरची टंचाई त्यांना मिटवता येणे शक्यच नव्हते. तो दोष चर्चच्या माथी मारणे अन्यायाचे होईल, पण सामूहिक मालकी एवढ्यावरच समाजवाद होतो असे मानणेही भाबडेपणाचे ठरेल.

या वास्तूचा सर्वांत उजळ काळ भाड्याच्या वहीत सापडत नाही. १९४६ मध्ये बिशप यांचे पुत्र शेल्टन बिशप यांनी चर्चच्या सभागृह-इमारतीतील तळघर मानसोपचार केंद्राला दिले. डॉ. फ्रेडरिक वर्थम आणि कादंबरीकार रिचर्ड राइट यांच्या पुढाकाराने तेथे डॉक्टर विनामोबदला काम करीत. शुल्क २५ सेंट, आणि तेही नसेल तर काहीच नाही. केंद्राला नाव दिले होते पॉल लाफार्ग यांचे: क्यूबात जन्मलेले, मिश्रवंशीय, वैद्यकीचे शिक्षण घेतलेले, आणि कार्ल मार्क्सचे जावई. चर्चच्या तळघरात मार्क्सच्या जावयाच्या नावाची पाटी! सुमारे बारा वर्षे ते चालले. येथेच वर्थम यांनी डेलावेअर राज्यातील कृष्णवर्णीय आणि गोऱ्या मुलांची तपासणी करून शालेय विभक्ततेचा मनावर होणारा घाव न्यायालयापुढे मांडला. तो खटला पुढे १९५४ च्या ब्राउन निकालात सामील झाला. आणि त्या लढ्यातील वकिलांचे नेतृत्व करणारे थर्गुड मार्शल हे याच सेंट फिलिप्सचे सदस्य होते.