विश्लेषण : पगारी मालिकांतून हॉलिवूडकडे… ब्रुना मार्केझिनीच्या प्रवासातून ब्राझीलच्या टीव्हीविषयी काय कळते?

मार्च २०२५ मध्ये ‘आय अ‍ॅम स्टिल हिअर’ हा सर्वोत्कृष्ट आंतरराष्ट्रीय चित्रपट ठरला. ब्राझीलच्या चित्रपटाला मिळालेले हे पहिलेच ऑस्कर. पाठोपाठ मे महिन्यात वॅग्नर मौरा कान महोत्सवात सर्वोत्कृष्ट अभिनेता ठरला. या चित्रपटाची नायिका फर्नांडा टोरेस आणि मौरा यांना घराघरांत नेण्यात टीव्हीचा मोठा वाटा होता. आता त्याच टीव्हीवर वाढलेली पुढची पिढी देशाबाहेर पाऊल टाकत आहे. त्यातील ठळक नाव म्हणजे ब्रुना मार्केझिनी. मात्र तिला घडवणारी व्यवस्थाच आज मोडकळीला आली आहे.

ब्रुना मार्केझिनी कोण?

ब्रुनाचा जन्म ४ ऑगस्ट १९९५ रोजी रिओ दि जानेरोलगतच्या दुकी दि काशियस या शहरात झाला. फुटबॉलपटू नेमारची एकेकाळची मैत्रीण म्हणून भारतात अनेकांनी तिचे नाव ऐकले असेल. ब्राझीलमध्ये मात्र ती त्याच्या कितीतरी आधीपासून परिचित होती. २००३ मधील ‘मुल्येरेस अपाइशोनादास’ या मालिकेत तिने सालेती ही लहान मुलगी साकारली, तेव्हा ती जेमतेम सात-आठ वर्षांची होती. २००५ मध्ये ‘अमेरिका’त ती अंध मुलीच्या भूमिकेत दिसली. ‘साल्वे जॉर्जी’ (२०१२), ‘एम फमिलिया’ (२०१४) आणि ‘देउस साल्वे ओ रेइ’ (२०१८) या मालिकांतून प्रेक्षकांनी तिला डोळ्यांदेखत मोठे होताना पाहिले. आज इन्स्टाग्रामवर तिचे चार कोटींहून अधिक चाहते आहेत.

‘नोव्हेला’ इतकी प्रभावी का?

ब्राझीलमधील दैनंदिन मालिकेला ‘नोव्हेला’ म्हणतात. आपल्याकडे टीआरपी टिकेल तोवर मालिका वर्षानुवर्षे लांबते. नोव्हेला मात्र साधारण सहा ते आठ महिन्यांत संपते आणि तिला ठरलेला शेवट असतो. १९६५ मध्ये सुरू झालेल्या ‘टीव्ही ग्लोबो’ने या प्रकाराचा उद्योग उभा केला. १९७६ ची ‘इस्क्रावा इझाउरा’ चीनपासून पोलंडपर्यंत गाजली. भारतीय पार्श्वभूमीवरील ‘कामिन्यो दास इंदियास’ला २००९ मध्ये आंतरराष्ट्रीय एमी पुरस्कार मिळाला.

या मालिकांचे वजन किती असते, हे सालेतीच्या कथेवरूनच दिसते. कथेत तिची आई रिओच्या रस्त्यावरील गोळीबारात सापडते आणि मरण पावते. या प्रसंगाने शस्त्रबंदीची चर्चा घरोघर नेली. सप्टेंबर २००३ मध्ये कोपाकबाना किनाऱ्यावर शस्त्रविरोधी मोर्चा निघाला. त्यात मालिकेतील कलाकार सहभागी झाले आणि तो मोर्चा मालिकेतही दाखवण्यात आला. डिसेंबरमध्ये ब्राझीलमध्ये शस्त्रनियंत्रणाचा कायदा झाला. कायदा केवळ मालिकेमुळे झाला असे म्हणता येणार नाही, पण त्यासाठीचे जनमत तयार होण्यात तिचा हातभार होता.

मग तिने ग्लोबो का सोडले?

ग्लोबोची जुनी पद्धत कारखान्यासारखी होती. कलाकाराशी दीर्घ मुदतीचा करार व्हायचा आणि मालिका सुरू नसतानाही दरमहा पगार मिळायचा. त्या बदल्यात प्रतिस्पर्धी वाहिन्यांवर काम करण्यास मनाई असे आणि कोणत्या मालिकेत काम करायचे यावरही वाहिनीचा प्रभाव राही. ब्रुनाने १७ वर्षांनंतर, पंचविशीच्या उंबरठ्यावर, २०२० मध्ये कराराचे नूतनीकरण केले नाही.

त्याच वर्षी ग्लोबोनेही खर्च कमी करण्यासाठी मोठमोठ्या नावांचे करार संपवले. ५० वर्षांहून अधिक काळ वाहिनीवर असलेले तार्सिझिओ मेइरा आणि ग्लोरिया मेनेझेस हे दाम्पत्यही त्यातून सुटले नाही. पगाराऐवजी कामापुरता करार हा नवा नियम झाला. म्हणजे ब्रुनाने जी सुरक्षितता स्वेच्छेने सोडली, ती इतरांकडून काढून घेतली गेली.

हॉलिवूडमध्ये काय घडले?

‘द फ्लॅश’ चित्रपटातील सुपरगर्लच्या भूमिकेसाठी ब्रुना अंतिम टप्प्यापर्यंत पोहोचली होती, पण करोनाकाळातील प्रवासनिर्बंध आड आले आणि भूमिका साशा काये हिला मिळाली. ही ओळख वाया गेली नाही. डीसीच्याच ‘ब्लू बीटल’मध्ये तिला जेनी कॉर्ड ही नायिका मिळाली. हा चित्रपट १८ ऑगस्ट २०२३ रोजी प्रदर्शित झाला.

पण वेळ प्रतिकूल ठरली. १४ जुलैपासून अमेरिकी कलाकारांचा संप सुरू होता आणि संपाच्या नियमांनुसार कलाकारांना प्रसिद्धी करता येत नव्हती. ज्या मुलाखती आणि कार्यक्रमांतून नव्या चेहऱ्याची जगाला ओळख होते, तेच बंद होते. चित्रपटाने जगभरात सुमारे १३ कोटी डॉलरची कमाई केली. सुपरहिरोपटाच्या मानाने ही कमाई फारशी नव्हती.

ब्राझिलियन कलाकारांची वेगळी अडचण कोणती?

भाषा. लॅटिन अमेरिकेतील बहुतेक देश स्पॅनिश बोलतात, ब्राझील पोर्तुगीज बोलतो. हॉलिवूडमध्ये ‘लॅटिनो’ पात्र म्हणजे प्रामुख्याने मेक्सिकन, क्युबन किंवा प्युर्टो रिकन. त्यामुळे ब्राझिलियन कलाकाराला इंग्रजीबरोबर अनेकदा आणखी एक परकी भाषा शिकावी लागते. ‘नार्कोस’साठी मौराने स्पॅनिश शिकली, तरी कोलंबियात त्याच्या उच्चारांवर टीका झालीच. ‘३००’मध्ये रॉद्रिगो सांतोरो थेट इराणी सम्राट झाला. या पार्श्वभूमीवर जेनी कॉर्डला ब्राझिलियन मुळे देण्यात आली, हे महत्त्वाचे ठरते.

दुसरी अडचण उलट बाजूने येते. २० कोटींच्या देशात मनोरंजनाची बाजारपेठ स्वतःच इतकी मोठी आहे की घरचा तारा बाहेर गेला की त्याला नवखा उमेदवार म्हणून सुरुवात करावी लागते.

ओटीटीने काय दिले, काय घेतले?

कलाकारांना निवड दिली. ब्रुनाने नेटफ्लिक्सवर ‘माल्दिवास’ (२०२२) आणि डिस्ने प्लसवर ‘आमोर दा मिन्या विदा’ (२०२४) केली. पहिलीचे सात भाग, दुसरीचे दहा. भूमिका मोठ्यांसाठीच्या आणि चित्रीकरण आटोपशीर. पण सात भागांची मालिका एका शनिवार-रविवारी पाहून संपते. महिनोन्महिने रोज रात्री संपूर्ण देश एकाच पात्राविषयी बोलत राहतो, तो परिणाम त्यातून साधत नाही. ‘माल्दिवास’ एकाच हंगामात आटोपली.

याची जाणीव ओटीटी कंपन्यांनाही झालेली दिसते. ‘मॅक्स’ने २०२५ मध्ये ‘बेलेझा फताल’ ही ४० भागांची नोव्हेलाच आणली. दुसरीकडे, ऑस्करविजेत्या ‘आय अ‍ॅम स्टिल हिअर’च्या निर्मितीत ग्लोबोच्याच ‘ग्लोबोप्ले’चा सहभाग होता. म्हणजे जुनी वाहिनी आणि नवे मंच एकमेकांच्या वाटेने चालू लागले आहेत.

पुढे काय?

ब्रुनाकडे आता प्रसिद्धी, दोन ओटीटी मालिका आणि ‘ब्लू बीटल’ हा हॉलिवूडपट आहे. तिला ओळख मिळवून देणारी ‘सुपरहिट’ भूमिका देशाबाहेर अजून मिळायची आहे. ती मिळेपर्यंत वाट पाहणे तिला परवडते, कारण १७ वर्षांच्या पगारी नोकरीने तिला अनुभव, चाहते आणि आर्थिक आधार दिला. आज आठव्या वर्षी कॅमेऱ्यासमोर उभ्या राहणाऱ्या मुलीला हे तिन्ही एकाच ठिकाणी मिळण्याची शक्यता कमी आहे. तिला एका कामानंतर दुसऱ्या कामासाठी चाचण्या द्याव्या लागतील. जागतिक पडद्यावर पोहोचण्याची दारे ब्राझीलच्या कलाकारांसाठी पूर्वीपेक्षा अधिक उघडली आहेत. पण त्या दारापर्यंत नेणारा जिना आता तितका भक्कम राहिलेला नाही.