तिसऱ्या भाषेचा रकाना

आठवी उत्तीर्ण होऊन नववीत येणाऱ्या विद्यार्थ्याच्या फॉर्मात तिसऱ्या भाषेचा एक रकाना असतो. बिरसा, बैहर, मलाजखंड या आपल्या भागातील जुन्या मराठी घराण्यांच्या भाषेचे भवितव्य या रकान्यात जेवढे ठरते, तेवढे ते कोणत्याही स्नेहसंमेलनात वा व्याख्यानमालेत ठरत नाही, असे आमचे स्पष्ट मत आहे. आणि हा रकाना आपल्याकडे कसा भरला जातो? वडील घाईत असतात, वर्गशिक्षक त्याहून घाईत असतात, शेजारच्या मुलाने जे लिहिले तेच आपल्या मुलाने लिहावे असे ठरते आणि ‘संस्कृत’ हा शब्द लिहून मोकळे व्हावे लागते. शाळेत व्यावसायिक विषय असल्यास कधी त्याचे नाव पडते. मराठीचे नाव कोणी काढीतही नाही.

मध्यप्रदेशच्या माध्यमिक शिक्षा मंडळाच्या दहावीच्या वेळापत्रकात मराठी आजही आहे. गुजराती, पंजाबी आणि सिंधी यांच्या ओळीत तिचे नाव छापले जाते. म्हणजे शासनाने दार बंद केलेले नाही. दार उघडे असून त्यातून आत जाणारा कोणी नाही, ही आपली खरी अवस्था आहे. आणि तरीही आपल्या बैठकांतून ‘शासनाने मराठी संपविली’ हे वाक्य दर तिसऱ्या वक्त्याच्या तोंडी असते. या वाक्याचा आता एकदा समाचार घेतला पाहिजे.

प्रथम थोडा इतिहास. आपली घराणी येथे काल आली नाहीत. नागपूरकर भोसल्यांच्या अमलात कोणी आले, १८५३ साली ते राज्य खालसा झाल्यावर इंग्रजांच्या कचेऱ्यांतून कोणी आले, १८६७ साली बालाघाट जिल्हा निर्माण झाल्यावर महसूल, जंगल आणि शाळा या खात्यांतून आणखी कोणी आले. १९५६ पर्यंत नागपूर हीच आपली राजधानी होती. मराठी ही परप्रांताची भाषा आहे असे त्या काळी येथे कोणास वाटण्याचे कारण नव्हते. १ नोव्हेंबर १९५६ रोजी विदर्भाचे आठ जिल्हे मुंबई राज्यात गेले, बालाघाट मध्यप्रदेशात राहिला, आणि आपण एका रात्रीत भाषिक अल्पसंख्य झालो. गोंदिया तेथेच राहिले, नातीगोती तीच राहिली, केवळ सीमा मध्ये आली.

घटनाकारांना आणि त्यानंतरच्या संसदेला या अवस्थेची जाणीव नव्हती असे नाही. त्याच १९५६ साली सातव्या घटनादुरुस्तीने ३५० अ आणि ३५० ब ही कलमे घटनेत घालण्यात आली. पहिल्याने प्राथमिक अवस्थेत मातृभाषेतून शिक्षणाच्या सोयीची जबाबदारी राज्यांवर टाकली, दुसऱ्याने भाषिक अल्पसंख्यांकांसाठी विशेष अधिकाऱ्याचे पद निर्माण केले. माध्यमिक शाळेत मातृभाषेच्या माध्यमासाठी शेवटच्या चार वर्गांत मिळून ६० आणि प्रत्येक वर्गात १५ विद्यार्थी असावेत, असे प्रमाण राज्यांनी पुढे मान्य केले. पालकांचे अर्ज सत्र सुरू होण्यापूर्वी तीन महिने नोंदवून घ्यावेत, एका शाळेत संख्या भरत नसल्यास जवळच्या शाळांत जुळवणी करावी, असेही त्या धोरणात आहे. ही संख्या माध्यमासाठी आहे, हे ध्यानात घ्यावे. एका विषयाची मागणी याहून पुष्कळच माफक आहे.

आता आम्ही विचारतो : आपल्यापैकी किती पालकांनी असा अर्ज कधी दिला?

आमचे सारे आयुष्य राज्य शासनाच्या कचेरीत गेले. त्या अनुभवावरून एक गोष्ट खात्रीने सांगतो. शासनाच्या फाईलीवर सर्वांत बलवान शेरा ‘नामंजूर’ हा नाही. ‘मागणी नाही’ हा आहे. नामंजुरीविरुद्ध अपील करता येते, विधानसभेत प्रश्न विचारता येतो, वर्तमानपत्रात लिहिता येते. ‘मागणी नाही’ या दोन शब्दांविरुद्ध काहीच करता येत नाही, कारण ते खरे असतात. शिक्षकाचे पद विद्यार्थ्यांच्या संख्येवर टिकते. विद्यार्थी नाहीत म्हणून पद गेले, पद गेले म्हणून शिक्षक नाही, शिक्षक नाही म्हणून विद्यार्थी नाहीत, असे हे चक्र आहे. ते फिरविणारा हात कचेरीत नाही, पालकाच्या घरात आहे. आणि तो थांबविण्यासाठी लागणारे साधन म्हणजे तारीख घातलेला, पोच घेतलेला एक साधा अर्ज.

या निवडीकडे इतके दुर्लक्ष का होते, त्याचेही कारण आहे. १९५२-५३ च्या मुदलियार आयोगाने माध्यमिक शाळेत मानव्यविद्या, विज्ञान, तांत्रिक, वाणिज्य, कृषी, ललितकला व गृहविज्ञान असे सात गट सुचविले. जुन्या अकरा वर्षांच्या हायर सेकंडरीत नववीतच कला, विज्ञान की वाणिज्य हे ठरवावे लागे, आणि त्यामुळे नववीचा फॉर्म ही घरातील मोठी घटना असे. पुढे कोठारी आयोगाने (१९६४-६६) पहिली दहा वर्षे सर्वांना समान शिक्षण असावे, विशेष अभ्यास नंतर यावा, अशी भूमिका घेतली. दहा अधिक दोनची रचना आली आणि मोठी निवड अकरावीवर गेली. हे योग्यच झाले. चौदा वर्षांच्या मुलाचे आयुष्य एका रकान्याला बांधू नये. परंतु त्यामुळे नववीत निवडण्यासारखे काही उरलेच नाही, असा समज मात्र पसरला. वस्तुतः हिंदी, इंग्रजी, गणित, विज्ञान आणि सामाजिक विज्ञान हे ठरलेलेच असतात. निवड उरते ती या एका रकान्यात, आणि तीच आपण विचार न करता उरकतो.

संस्कृतविषयी आमच्या मनात आदरच आहे. ज्या मुलास संस्कृताची खरी ओढ आहे त्याने ते अवश्य घ्यावे, आणि त्याच्या घरच्यांनी त्यास आडकाठी करू नये. परंतु आपल्याकडे संस्कृत घेतले जाते ते ओढीपोटी नाही, ‘त्यात गुण पडतात’ म्हणून. दहावीचा पेपर संपला की रूपे विसरली जातात, आणि दोन वर्षे वाया गेली याची कोणास खंतही राहत नाही. महाराष्ट्रातही शाळांमधून हाच प्रकार चालतो, हे सर्वश्रुत आहे. शिवाय धोरणाचा मूळ हेतू पाहा. १९६८ च्या राष्ट्रीय शिक्षण धोरणातील त्रिभाषा सूत्राने हिंदीभाषी राज्यांतील मुलांनी हिंदी व इंग्रजीखेरीज एक आधुनिक भारतीय भाषा, शक्यतो दक्षिणेकडील, शिकावी असे म्हटले होते. २०२० च्या धोरणात निवड अधिक मोकळी आहे, तीनपैकी दोन भाषा भारतीय असाव्यात एवढेच बंधन आहे आणि संस्कृतासही स्थान आहे. तेव्हा संस्कृत घेणे हा नियमभंग नाही. परंतु शेजारच्या राज्याची जिवंत भाषा आपल्या मुलाने शिकावी, या अपेक्षेला मराठीइतके सहज उत्तर आपल्या घरांत दुसरे कोणते आहे?

‘मराठी तर घरी बोलतोच, शाळेत कशाला?’ हा दुसरा आक्षेप. यास आमचे उत्तर असे की, घरी बोलतो ती मराठी आता कितपत उरली आहे हे एकदा कान देऊन ऐकावे. लिपी एकच असल्यामुळे आपली मुले मराठी पान घडाघड वाचतात आणि आपण समाधान पावतो. परंतु वाचणे म्हणजे कळणे नव्हे. ‘त्याला शिक्षा झाली’ हे वाक्य आपल्या नातवास दाखवावे. त्यास शाळा आठवेल, दंड आठवणार नाही. ‘चेष्टा’ म्हटले की तो प्रयत्न समजेल, थट्टा समजणार नाही. ‘खाली’ म्हटले की रिकामे. दोन भाषांत एकाच रूपाचे आणि निराळ्या अर्थाचे शब्द असतात, ते बोलण्यातून सुटत जात नाहीत. त्यासाठी शिस्तीने वाचावे लागते, लिहावे लागते, कोणी तपासावे लागते. हे काम स्वयंपाकघर करीत नाही, ते वर्गाचे काम आहे. ज्या घरांत पणजोबांची पत्रे, वंशावळी आणि वाटणीचे कागद पेटीत आहेत, त्या घरांत ते कागद वाचू शकणारी शेवटची पिढी आज साठी ओलांडून गेली आहे. पेटी वारसाहक्काने मिळते. वाचता येणे वारसाहक्काने मिळत नाही.

तिसरा आक्षेप व्यवहाराचा : ‘मराठी घेऊन पुढे काय?’ तर व्यवहाराचेच बोलू. ग्रामीण डाक सेवकांच्या भरतीच्या जाहिरातींत अशी अट आलेली आहे की, उमेदवाराने त्या प्रदेशाची स्थानिक भाषा माध्यमिक स्तरापर्यंत अनिवार्य वा ऐच्छिक विषय म्हणून शिकलेली असावी. स्टेट बँकेच्या कनिष्ठ सहयोगी पदांच्या भरतीत स्थानिक भाषेची चाचणी असते, आणि दहावी वा बारावीच्या गुणपत्रिकेत ती भाषा विषय म्हणून असल्यास त्या चाचणीतून सूट मिळते. आपली मुले नोकरीसाठी पाहतात ती गोंदियाकडे आणि नागपूरकडे. तेथे अर्ज भरताना ‘आम्ही घरी मराठी बोलतो’ असे लिहिण्याची जागा नसते. गुणपत्रिका पाहिली जाते. ज्या विषयाने पुढे काय असे नववीत विचारले जाते, त्याच्यावाचून पुढे काय अडते, हे विशीनंतर कळते. संघ लोकसेवा आयोगाच्या परीक्षेतही मराठी वाङ्मय हा ऐच्छिक विषय आहे. तेथवर जाणारे थोडे असतात हे खरे, पण पाया नववीतलाच लागतो.

गेल्या दोन वर्षांतील दोन घटना येथे आठवाव्यात. ३ ऑक्टोबर २०२४ रोजी केंद्र सरकारने मराठीस अभिजात भाषेचा दर्जा दिला. आनंद आपल्याकडेही झाला, आणि व्हावाच. पुढच्या वर्षी महाराष्ट्रात पहिलीपासून हिंदी ही तिसरी भाषा करण्याचा निर्णय एप्रिलमध्ये निघाला, त्यावर एवढा क्षोभ झाला की २९ जून २०२५ रोजी सरकारला त्यासंबंधीचे निर्णय मागे घ्यावे लागले. त्या वादात कोणाचे किती बरोबर होते, यात आम्ही येथे शिरत नाही. आम्हांस लक्षात घ्यावेसे वाटते ते एवढेच की, तेथे तिसऱ्या भाषेच्या रकान्यात काय लिहावे यासाठी लोक बोलले, लिहिते झाले, आणि सरकारला ऐकावे लागले. येथे तोच रकाना आपल्या हाती कोरा दिला जातो आणि आपण तो दुसऱ्याच्या वहीत पाहून भरतो.

आणखी एक गोष्ट सांगितल्यावाचून राहवत नाही. आपल्या बिरसा भागात गोंड आणि बैगा समाजाची मुले त्याच वर्गात, त्याच बाकांवर बसतात. गोंडी ही लाखो लोकांची भाषा असून घटनेच्या आठव्या अनुसूचीत तिला अद्याप स्थान नाही आणि त्या मुलांच्या फॉर्मात तिच्यासाठी जागाही नाही. त्यांनी मागितले तरी मिळत नाही. आपल्याला मिळते आणि आपण मागत नाही. ज्यांच्या भाषेस रकानाच नाही त्यांच्या शेजारी बसून आपला रकाना असा वाया घालविणे यास काय म्हणावे, ते वाचकांनीच ठरवावे.

केवळ टीका करून थांबणे आमच्या स्वभावात नाही, म्हणून करावयाचे ते सांगतो. नवे सत्र एप्रिलात सुरू होते, म्हणजे अर्ज डिसेंबर अखेरपर्यंत गेला पाहिजे. ज्यांची मुले वा नातवंडे आठवीत आहेत त्यांनी एकत्र बसून एकच संयुक्त अर्ज प्राचार्यांना द्यावा, त्याची प्रत जिल्हा शिक्षण अधिकाऱ्यांस आणि भाषिक अल्पसंख्यांक आयुक्तांस पाठवावी, आणि पोच जपून ठेवावी. बिरशात संख्या कमी पडली तर मलाजखंड आणि बैहर यांची नावे जोडावीत. केंद्रीय मंडळाच्या शाळांत मुले असतील त्यांनी तेथेही विचारावे, कारण त्या मंडळाच्या भाषांच्या यादीतही मराठी आहे. शिक्षक मिळेपर्यंत आपल्यातील निवृत्त शिक्षकांनी रविवारचे दोन तास द्यावेत. शाळेने विषय स्वीकारला की मुलांची तयारी करून घेणे आपल्या हाती आहे. आणि हे सारे करण्यापूर्वी त्या मुलास जवळ बसवून, दोन्ही बाजू सांगून, त्याचे मत विचारावे. चौदा वर्षांचे मूल समजावून सांगितलेले समजते. त्याने विचारपूर्वक दुसरा विषय निवडला तर आमची तक्रार नाही.

दहा अर्ज गेले आणि शासनाने ते फेटाळले, तर ‘शासनाने मराठी संपविली’ हे वाक्य म्हणण्याचा अधिकार आपल्याला प्राप्त होईल, आणि तेव्हा ते म्हणणाऱ्यांत आम्ही पुढे असू. तोपर्यंत ते वाक्य बैठकांतून बंद करावे, आणि त्या वेळात अर्जाचा मसुदा लिहावा.