न्हाणीचे पाणी उन्हावर तापवावे

आश्विन सरत आला, की महाराष्ट्राच्या पठारावर पहाटेचा गारठा जाणवू लागतो. दिवाळीच्या अभ्यंगस्नानापासून घरोघरी न्हाणीच्या पाण्याची चूल नेमाने पेटते आणि शिवरात्रीपर्यंत तिला सहसा खंड पडत नाही. घरात स्वयंपाकाचा गॅस आला असला, तरी अनेक कुटुंबांत पाणी तापविण्याचे काम अद्याप परसातील चुलवणावर किंवा तांब्याच्या बंबावरच चालते. कारण विचारल्यास उत्तर ठरलेले असते : गॅस विकतचा, सरपण फुकटचे. ग्रामपातळीवरील कार्यकर्त्यांनाही हे उत्तर पटलेले असते. म्हणूनच या फुकटच्या सरपणाचा हिशेब एकदा नीट मांडून पाहणे अगत्याचे आहे.

सरपणाचा हिशेब

पाच माणसांच्या कुटुंबास अंघोळीसाठी माणशी एक बादली, म्हणजे सुमारे वीस लिटर कढत पाणी धरले, तर रोज शंभर लिटर पाणी लागते. हिवाळ्यात विहिरीतून काढून ठेवलेले पाणी सुमारे २० अंशांवर असते; अंघोळीस ते ४० अंशांपर्यंत तापलेले पुरते. एक लिटर पाणी एक अंशाने तापविण्यास एक किलोकॅलरी उष्णता लागते. त्या मानाने या कुटुंबाची गरज दिवसाला दोन हजार किलोकॅलरींची आहे. एक किलो सुक्या लाकडात सुमारे चार हजार किलोकॅलरी उष्णता असते. म्हणजे वास्तविक अर्धा किलो लाकडात हे काम भागावयास हवे.

प्रत्यक्षात ते तसे भागत नाही. तीन दगडांच्या उघड्या चुलवणावर लाकडातील उष्णतेचा जेमतेम दहावा हिस्सा पाण्यास मिळतो. उरलेली उष्णता धुराबरोबर, वाऱ्याबरोबर आणि दगडमातीत निघून जाते. परिणामी अर्ध्या किलोच्या जागी पाच किलो लाकूड जळते. महिन्याचे दीडशे किलो, आणि हिवाळ्याच्या चार महिन्यांचे सहाशे किलो. बंबात जाळाच्या नळीभोवती पाणी खेळते असल्यामुळे सरपण बरेच कमी लागते. तरीही ते लागतेच.

हे लाकूड आपोआप दारी येत नाही. बांधावरच्या बाभळी छाटून, तुरीच्या आणि कपाशीच्या काड्या गोळा करून किंवा डोंगरातून मोळी आणून ते जमविले जाते. हे काम बहुतेक ठिकाणी घरातील स्त्रियांकडे असते. तुरीच्या खुडणीत, कापसाच्या वेचणीत किंवा ज्वारीच्या काढणीत त्याच बाईच्या दिवसाला मजुरीचा दर असतो. सरपणास गेलेल्या दिवसाला मात्र कोणी दर लावीत नाही. ज्या श्रमाचे दाम द्यावे लागत नाही ते फुकट समजण्याची सवय पडली आहे, आणि न्हाणीच्या चुलीचा सारा स्वस्तपणा त्या सवयीवर उभा आहे.

शेताचे शेतात

सरपण कमी पडले, की गोवऱ्या चुलीत जातात. येथे नुकसान दुहेरी होते. एका जनावराचे दिवसाचे शेण सुमारे दहा किलो धरतात. वाळल्यावर त्याचे दोन किलोच्या आसपास उरते. गोवरीतील उष्णता लाकडाहून कमी असल्याने वरील कुटुंबाचे पाणी उघड्या चुलवणावर नुसत्या गोवऱ्यांनी तापवावयाचे झाल्यास रोज सुमारे चार जनावरांचे शेण त्यासाठी खर्ची पडेल. दावणीला चार जनावरे असणाऱ्या शेतकऱ्याचा खताचा खड्डा हिवाळाभर रिकामा राहावा, एवढे हे शेण आहे.

गोवरी जळताना तिच्यातील नत्र धुराबरोबर निघून जाते. राखेत पालाश आणि थोडे स्फुरद उरते, परंतु जमिनीची धारणशक्ती वाढविणारा सेंद्रिय भाग नाहीसा होतो. मुरमाड आणि हलक्या जमिनींना नेमकी त्याचीच उणीव असते. पुढे तोच शेतकरी युरियाची गोणी विकत आणून नत्राची भरपाई करू पाहतो. सेंद्रिय भागाची भरपाई त्या गोणीने होत नाही. ही गोष्ट नव्याने कळलेली नाही. डॉ. व्होएल्कर यांनी हिंदी शेतीच्या सुधारणेविषयीच्या १८९३ सालच्या अहवालात शेण जाळण्याच्या चालीचे मूळ सरपणाच्या टंचाईत असल्याचे दाखवून सरपणासाठी झाडे लावण्याची शिफारस केली होती. सव्वाशे वर्षांनंतरही काही शेण चुलीत जातेच आहे. गोबरगॅस असलेल्या घरी शेणाचा गॅस होऊन खतही मिळते, हे खरे; पण तो गॅस स्वयंपाकास राखावा. अंघोळीच्या पाण्याला एवढ्या तीव्र जाळाची गरज नाही.

विजेचा सोपा वाटणारा मार्ग

काही घरांनी चूल सोडून विजेचा रॉड किंवा गिझर घेतला आहे. धूर गेला आणि कष्टही वाचले, यात शंका नाही. परंतु तेच शंभर लिटर पाणी तापविण्यास रोज सुमारे अडीच युनिट वीज लागते. आपल्या बिलातील युनिटच्या दराने तिला गुणून महिन्याचा आकडा काढणे कोणासही अवघड नाही. शिवाय पहाटे सहा ते आठ या वेळात सारे गाव एकदम रॉड लावते, तेव्हा रोहित्रावर ताण येऊन दाब उतरतो. लोखंडी बादलीत रॉड सोडून त्या पाण्यात हात घालण्याने जिवावर बेतते, ते वेगळेच.

फेब्रुवारी २०२४ मध्ये सुरू झालेल्या पंतप्रधान सूर्यघर योजनेमुळे छपरावरील वीजपट्ट्यांची ओळख खेड्यापर्यंत पोहोचली आहे. मात्र त्यामुळे वीज देणारी पट्टी आणि पाणी तापविणारा सौर बंब यांची गल्लत होऊ लागली आहे. वीजपट्टी तिच्यावर पडलेल्या उन्हाच्या सुमारे पाचव्या हिस्स्याची वीज करते. सौर बंब सुमारे निम्मे ऊन पाण्यात उतरवितो. दिवे, पंखे आणि मोटारी यांसाठी वीजपट्टी योग्यच होय. निव्वळ पाणी तापवावयाचे असेल, तर उन्हाची आधी वीज करून त्या विजेची पुन्हा उष्णता करणे हा लांबचा रस्ता ठरतो.

गरज आणि ऊन एकाच ऋतूत

पठारावर हिवाळ्याचे आकाश बहुधा निरभ्र असते. ज्या महिन्यांत कढत पाणी हवे, त्याच महिन्यांत भरपूर ऊन मिळते, हे या प्रदेशाचे मोठे भाग्य आहे. दक्षिणेकडे तोंड करून कलत्या ठेवलेल्या एक चौरस मीटर पृष्ठावर अशा दिवशी सुमारे पाच युनिट उष्णता पडते. शंभर लिटरच्या सौर बंबास दोन चौरस मीटर तापपट्टी असते. तिच्यावर पडलेल्या दहा युनिटांपैकी निम्मी पाण्यात उतरली, तरी शंभर लिटर पाणी २० अंशांवरून ६० अंशांच्या घरात जाते. त्यात तेवढेच गार पाणी मिसळले, की दोनशे लिटर अंघोळीजोगे पाणी होते. रात्रीची घट सोडूनही पाच माणसांचे भागून दुधाच्या भांड्यांसाठी काही उरते. गोठा असणाऱ्या घराला हा लाभ लहान नाही, कारण चरव्या आणि किटल्या कढत पाण्याने धुतल्या नाहीत तर दूध नासण्याचा धोका वाढतो.

यंत्राची रचना साधी आहे. काळ्या पट्टीत किंवा दुहेरी काचनळ्यांत तापलेले पाणी हलके होऊन वरच्या टाकीत चढते आणि जड गार पाणी खाली येते. पंपाची गरज पडत नाही. १९०९ साली कॅलिफोर्नियात विल्यम बेली याने तापपट्टीपासून टाकी वेगळी करून तिला उष्णतारोधक आवरण घातले, तेव्हापासून दिवसा तापलेले पाणी दुसऱ्या दिवशी पहाटे वापरणे शक्य झाले. इस्रायलने खनिज तेलाच्या टंचाईचे चटके सोसल्यावर १९८० मध्ये नव्या घरांना सौर बंब कायद्याने सक्तीचा केला. त्या देशात छपरोछपरी दिसणारी ही टाकी काही श्रीमंतीची खूण नव्हे.

खरेदीची ऐपत नसणाऱ्यांसाठीही वाट आहे. जोधपूरच्या केंद्रीय शुष्क क्षेत्र संशोधन संस्थेत १९७० च्या दशकात तापपट्टी व टाकी एकत्र असलेल्या पेटीबंबावर काम झाले. उथळ, रुंद, वरून काळी केलेली पत्र्याची टाकी, तिच्याभोवती आणि खाली उष्णतारोधक भर, आणि वर काच, एवढीच त्याची मांडणी. पत्र्याचे काम करणारा गावचा कारागीर अशी पेटी करू शकतो. तिच्यातील पाणी सायंकाळी सर्वांत अधिक तापलेले असते. रात्री काचेवर जाड आवरण न घातल्यास ते निवते. शेतातून धुळीने माखून परतणाऱ्या माणसाने सायंकाळी अंघोळ करण्याची सवय लावून घेतली, तर या स्वस्त पेटीवरही बहुतेक गरज भागते. पहाटेच्या अंघोळीचा नेम असणाऱ्यांनी मात्र आवरणाची टाकी असलेला बंबच घ्यावा.

मर्यादाही सांगाव्यात

सौर बंब सर्वगुणसंपन्न आहे असे सांगत फिरणे हिताचे नाही. पावसाळ्यात, विशेषतः कोकणात आणि घाटमाथ्यावर, ऊन आठवडेच्या आठवडे पडत नाही. म्हणून जुना तांब्याचा बंब मोडीत काढू नये. ढगाळ दिवसांसाठी तो जवळ असावा. ज्या गावी बोअरचे पाणी क्षाराचे आहे, तेथे तांब्याच्या बारीक नळ्यांत क्षार साचून त्या बुजतात. तेथे काढून साफ करता येणाऱ्या काचनळ्यांचा बंब बरा, आणि त्याचीही सफाई ठरावीक काळाने व्हावयास हवी. भर उन्हात तापलेल्या रिकाम्या काचनळ्यांत गार पाणी सोडू नये, त्या तडकतात. उन्हाळ्यात वापर नसेल तेव्हा नळ्या झाकून ठेवाव्यात, आणि धुळीच्या दिवसांत काच आठवड्यातून एकदा पुसावी.

जागेचाही विचार आधी व्हावा. पाणी भरलेल्या टाकीचे वजन माळवदास किंवा कौलारू छपरास पेलेलच असे नाही. अशा घरी परसात, जेथे हिवाळ्यात दिवसभर सावली पडत नाही तेथे, पक्का कट्टा बांधून त्यावर बंब बसवावा. तापपट्टीचा कल ३० ते ३५ अंश ठेवल्यास हिवाळ्याचे ऊन अधिक मिळते. गार पाण्याची टाकी गरम पाण्याच्या टाकीपेक्षा उंच हवी, आणि न्हाणीपर्यंतची नळी आखूड व आवरण घातलेली असावी. नळी लांब असेल तर बादलीभर गार पाणी वाया गेल्यावर कढत पाणी येते, आणि मग बंबालाच दोष दिला जातो.

मोजणी कशाची करावी

कार्यकर्त्यांनी या बाबतीत सुधारित चुलींचा अनुभव लक्षात ठेवणे आवश्यक आहे. तो राष्ट्रीय कार्यक्रम १९८३ मध्ये सुरू झाला आणि २००२ मध्ये बंद झाला. त्या काळात देशात तीन कोटींहून अधिक चुली दिल्या गेल्या. त्यांपैकी पुष्कळशा थोड्याच दिवसांत मोडल्या किंवा पडून राहिल्या, कारण दुरुस्तीस माणूस नव्हता आणि ज्या बाईने चूल वापरावयाची तिला कोणी विचारले नव्हते. वाटलेल्या नगांची संख्या तेवढी वहीत राहिली. सौर बंबाच्या बाबतीत तीच चूक पुन्हा घडू देणे अक्षम्य ठरेल. बसविलेल्या बंबांची संख्या कळविण्यापेक्षा तिसऱ्या हिवाळ्यात चालू असलेल्या बंबांची संख्या कळवावी. गावातील एका तरुणास क्षार काढणे, नळी बदलणे आणि गळती बंद करणे आधी शिकवावे, आणि मगच प्रचारास लागावे.

आरंभ कोठून करावा, हेही ठरविणे जरूर आहे. जी घरे सरपण विकत घेतात किंवा रोज रॉड लावतात, त्यांचा पैसा प्रत्यक्ष वाचतो. त्यांना प्रथम सांगावे. आश्रमशाळा, वसतिगृहे आणि दूधसंकलन केंद्रे येथे पाण्याचा खप मोठा असल्याने लाभही मोठा होतो, आणि येणाऱ्या-जाणाऱ्यास चालते यंत्र पाहावयास मिळते. ज्यांचे सरपण केवळ कष्टाचे आहे त्या घरी पेटीबंबाचा विचार मांडावा, आणि तो घरातील स्त्रीसमोर मांडावा. पाच किलो लाकूड रोज कोणाच्या डोक्यावरून येते, हे तिला हिशेब करून सांगावे लागणार नाही. कर्त्या पुरुषासमोर मात्र तो हिशेब कागदावर मांडून दाखवावा, आणि सरपणास जाणाऱ्या तिच्या दिवसांपुढे गावात चालू असलेला मजुरीचा दर लिहावा.