शिक्का पाहिला, मागची बाजू कोण वाचणार?

गेल्या रमजानमध्ये इफ्तारला आम्ही सगळे भाईजानकडे जमलो होतो. तीन वर्षांपूर्वी त्यांना किडनीचा जुनाट आजार असल्याचं कळलं. तेव्हापासून त्यांनी मटण कमी केलं. पण त्या दिवशी त्यांच्या ताटात पाकिटातले नगेट्स आणि सीक कबाब होते. मी अडवलं तर भाभी म्हणाल्या, "अगं, हलालचा शिक्का बघूनच आणलंय. आणि चिकन तर हलकंच असतं ना!"

भाभींचा दोष नाही. आपण सगळेच शिक्का पाहतो आणि पाकीट टोपलीत टाकतो. मागच्या बारीक इंग्रजी अक्षरांकडे कोण बघतं?

त्या दिवशी मी ती बाजू वाचली. किडनीच्या रुग्णाला दिवसाला साधारण 2000 मिलिग्रॅमपेक्षा कमी सोडियम चालतं. म्हणजे मीठ पाच ग्रॅमच्या आत, एक छोटा चमचा. पाकिटावर दर 100 ग्रॅमला 600 मिलिग्रॅम सोडियम लिहिलेलं असेल, तर चार-पाच तुकड्यांतच दिवसाचा जवळजवळ तिसरा हिस्सा संपतो.

दुसरी गोष्ट याहून लपलेली आहे. मांस ओलसर, मऊ राहावं म्हणून त्यात फॉस्फेट घालतात. पाकिटावर ते 450, 451, 452 अशा आकड्यांत दिसतं. ताज्या मांसातही फॉस्फरस असतो, पण त्याचा काही भागच शरीर शोषतं. वरून घातलेला मात्र बहुतेक सगळा रक्तात जातो. अशक्त किडनीला तो बाहेर टाकता येत नाही. मग हाडं ठिसूळ होतात, रक्तवाहिन्या कडक होतात. आणि फॉस्फरस किती, हा आकडा सहसा पाकिटावर नसतोच.

'कमी मीठ' लिहिलेलं पाकीटही डोळे झाकून घेऊ नये. कधी कधी सोडियमच्या जागी पोटॅशियम क्लोराईड (508) असतं. पोटॅशियम वाढलं तर थेट हृदयाला धोका.

म्हणून "अजिबात खाऊ नका" असं मी भाईजानना म्हणत नाही. ज्यांच्या ताटातून सगळंच काढून घेतलं जातं, ते शेवटी चोरून खातात. माझं म्हणणं एवढंच, की पाकिटातलं क्वचित, एखादा तुकडा, तोही वाचून. एरवी कसायाकडून ताजा खिमा आणावा. पुदिना, लसूण, आलं, लिंबू घालून घरी कबाब करावेत, मीठ नावाला. किती खायचं ते डॉक्टरांना विचारावं, कारण डायलिसिस सुरू नसताना प्रथिनं मोजून घ्यावी लागतात आणि सुरू झाल्यावर गरज उलट वाढते. आणि घरात एकट्यासाठी वेगळं शिजवू नये, सगळ्यांनीच मीठ कमी करावं.

कुराणात हलालसोबत तय्यब हा शब्द येतो. तय्यब म्हणजे शुद्ध, चांगलं. वर्गात मी मुलांना सांगते, जोडशब्दातला एकच वाचून थांबलात तर अर्थ अर्धाच कळतो. शिक्का पहिल्या शब्दाची खात्री देतो. दुसऱ्यासाठी पाकीट उलटून पाहावं लागेल, आणि ज्यांना इंग्रजी येत नाही त्यांना ते आपणच वाचून दाखवायला हवं.